सदतीस दात

रविवारी पावणेअकराला दात परत आला.

प्लॅस्टिकच्या डबीत, कापसावर निजवलेला, एकदम पाहुण्यासारखा. दातांच्या दवाखान्यातला माणूस दारातूनच डबी देऊन गेला. सोबत चिठ्ठी. धाकटीने, घरातल्या धाकट्या सुनेने, ती लॅबच्या उंबऱ्यातच वाचली. 'पेशंट निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत कळवतो. दात बसलाय झकास. पण तो माझ्याआधी वारलाय.'

एरवी ती पोट धरून हसली असती. आज तिने डबी उघडली आणि दात उजेडाकडे धरला.

समोरचा, वरचा, डावा. घडण अशी की खऱ्या दाताने लाजावं. आणि रंग? जिथे किंचित लालसर, उबदार हवा, तिथे ओल्या सिमेंटचा. हात जिजींचाच होता, त्यात शंकाच नाही. असं घडवणारं या धंद्यात दुसरं कुणी नव्हतं. आणि असं रंगवणारंही.

या घरात तीन पिढ्या दात बनतात. खाली लॅब, वर घर. धाकटीच्या आजेसासऱ्यांनी कवळ्यांपासून सुरुवात केली, सासऱ्यांनी भट्टी आणली, आणि सासरे गेल्यावर सगळं जिजींनी ओढलं. जिजी म्हणजे सासूबाई. लॅबच्या उत्तरेच्या खिडकीत त्यांचं स्टूल. दातांच्या रंगांच्या सोळा नमुन्यांची शेडपट्टी समोर, पण ती शोभेला. माणूस नुसता हसला की जिजी नंबर सांगायच्या. लग्न ठरायच्या दिवशी त्यांनी धाकटीला पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "पिवळ्यातला दुसरा. चहा कमी कर." ओळख वगैरे नंतर.

आणि परतीचा दात म्हणजे या घरात अब्रूचा प्रश्न. चाळीस वर्षांत चार परत आले. कुठला कुणामुळे आला ते पोरांनाही पाढ्यासारखं पाठ.

पाचवा आता धाकटीच्या एप्रनच्या खिशात होता. सुट्टीच्या दिवशीही ती एप्रन घालून खाली का होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गेले सात आठवडे ती रोज सकाळी सहाला खाली उतरत होती. नवऱ्याला वाटायचं, बायकोला कामाचं वेड लागलंय. ती खाली येऊन जिजींचा आदल्या दिवशीचा ट्रे उघडायची. एकेक दात दिव्याखाली धरायची. चुकला असेल तर वरून रंगाचा हात द्यायची आणि परत भट्टीत घालायची. फारच चुकला असेल तर सरळ नवा करायची. मग ट्रे होता तसा. जिजी नऊला यायच्या, दात बघायच्या, मान हलवायच्या, दात रवाना.

गुरुवारी ती माहेरी गेली होती. एकच दिवस. तेवढ्यात हा निसटला.

ती वर आली तेव्हा सगळे जमलेले. प्रत्येक केमोच्या आदल्या दिवशी जमायचं, एकत्र जेवायचं आणि आजाराचा विषय काढायचा नाही, असा अलिखित नियम होता. उद्या पाचवी केमो. चार झाल्या होत्या, सहावीनंतर सुटका. गाठ निम्म्याने आटली होती. डॉक्टरीणबाई खूश, घर खूश. जिजींचे केस गेले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, तेलाचा खर्च वाचला.

थोरला, म्हणजे मोठा दीर, टेबलाशी बसून बटाटे सोलत होता. साचे ओतणारा माणूस, बटाटाही साच्यातून काढल्यासारखा गुळगुळीत करायचा. वहिनी, त्याची बायको, त्याच्यामागे उभी राहून साल जाड निघतेय म्हणून सांगत होती. धाकटीचा नवरा, घरात ज्याला धाकटाच म्हणायचे, खिडकीत बसून फुकटचे सल्ले देत होता. दवाखान्यांतून ऑर्डरी आणायच्या आणि दात पोचवायचे हे त्याचं काम, त्यामुळे जीभ कायम चालू. आणि नणंद. ती सकाळच्या बसने आली होती. तिचं परगावी औषधांचं दुकान. आल्या आल्या तिने जिजींच्या गोळ्यांचा डबा तपासून तीन चुका काढल्या होत्या.

जिजी आंघोळीला गेल्या होत्या. नळाचा आवाज येत होता.

धाकटीने डबी टेबलावर ठेवली. बटाट्यांच्या मधोमध.

थोरल्याने बघितलं. वहिनीने बघितलं. धाकटा खिडकीतून उतरला. आणि धाकटीला एक गोष्ट विचित्र वाटली. कुणी विचारलंच नाही की हे काय. तिघांच्याही तोंडावर एकच भाव, चोरी सापडल्याचा.

"कुणाचा?" नणंदेने विचारलं. तिलाच फक्त माहीत नव्हतं.

मग जे झालं ते सगळं कुजबुजत झालं, कारण न्हाणीघर भिंतीपलीकडे. धाकटीने सांगून टाकलं, सकाळी सहा, ट्रे, भट्टी, सगळं. तिला वाटलं आता आभाळ कोसळणार. झालं भलतंच. थोरला खाली मान घालून म्हणाला की त्यालाही महिनाभर माहीत आहे. म्हणून तर समोरचे दात तो परस्पर धाकटीच्या ट्रेमध्ये सरकवत होता आणि जिजींना मागच्या दाढा देत होता. दाढेचा रंग कोण बघतंय. मुख्याध्यापिकाबाईंचा जिजींनी स्वतःच उचलला, त्याला तो काय करणार. वहिनी म्हणाली, दवाखान्यांच्या चिठ्ठीवरचे रंगाचे आकडे जिजींना दिसेनात म्हणून ती मोठ्याने वाचून दाखवायची, जणू आपल्याच करमणुकीसाठी. आणि धाकट्याने तर कहर केला होता. दोन दवाखान्यांना त्याने सांगून ठेवलं होतं की काही कमी-जास्त असलं तर फोन मला करायचा, लॅबवर नाही, आणि आईने विचारलं तर म्हणायचं, बाई, तुमच्या हाताला तोड नाही.

म्हणजे प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्यालाच माहीत आहे. चार माणसं, एकाच छपराखाली, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसलेली. धाकट्याला हसू फुटलं. वहिनीनेही ओठ दाबले. क्षणभर खरोखर सगळे हसण्याच्या बेताला आले होते.

नणंद हसली नाही.

तिने विचारलं, कधीपासून. धाकटी म्हणाली, दुसऱ्या केमोनंतर. नणंदेने पर्समधून घडी घातलेला कागद काढला, औषधाच्या खोक्यातला, मुंग्यांच्या अक्षरातला. दुकानदारच ती, आईच्या प्रत्येक औषधाचा कागद जवळ बाळगायची. बोट फिरवत खाली गेली आणि शेवटून तिसऱ्या ओळीवर थांबली.

"'क्वचित,'" तिने वाचलं. "'डोळ्यांच्या नसेवर परिणाम. रंग फिके दिसणं, नजर धूसर होणं. अशी लक्षणं दिसताच डॉक्टरांना कळवावं.'" तिने कागद टेबलावर ठेवला. "दिसताच. आणि तुम्ही सात आठवडे दात रंगवत बसलात."

थोरला म्हणाला, त्याला वाटलं वयाने झालं. वहिनी म्हणाली, अशक्तपणा. धाकटा म्हणाला, मोतीबिंदू असेल, शेजारच्या आजोबांना नव्हता का. धाकटीला तर काही वाटलंच नव्हतं. जिजींच्या हातचा दात परत येता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मग दोन तट पडले. नणंद म्हणाली, उद्या सुई टोचायच्या आधी डॉक्टरीणबाईंना सांगायचं. थोरला म्हणाला, सांगितलं की ते औषध बंद करतील. ज्या औषधाने गाठ निम्मी केली तेच. दोनच डोस राहिलेत, घेऊन टाकू, नजरेचं नंतर बघता येईल. आधी जीव, मग डोळे. वहिनी नवऱ्याच्या बाजूने. एरवी तिचं आणि नवऱ्याचं बटाट्यावरही पटत नाही, पण आज पटलं. नणंद म्हणाली, दरेक डोसने नस आणखी जाईल, आणि गेलेली परत येईलच असं नाही. धाकटा आधी दादाच्या बाजूने होता, मग ताईच्या, मग पुन्हा दादाच्या. शेवटी त्याने बायकोकडे बघितलं.

नळ बंद झाला.

सगळे एकदम बटाट्यांकडे वळले. पाच माणसं, चार बटाटे. वहिनीने डबीवर ताटली उपडी घातली.

जिजी डोक्याला टॉवेल गुंडाळून आल्या. भिंतीला बोटं लावत आल्या, हे धाकटीने आज पहिल्यांदा नीट बघितलं. दारात थांबून त्यांनी शांतता ऐकली.

"काय झालं रे? मी गेले की काय?"

थोरला धाकटीकडे बघून अगदी बारीक मान हलवत होता. नको. नणंद आईकडेच बघत होती. धाकटीला वाटलं, अकरा वर्षं या बाईसमोर बसून शिकले. पावडर किती, पाणी किती, भट्टी कधी उघडायची. एकदाही यांना चूक म्हणायची वेळ आली नाही. तिने ताटली उचलली आणि डबी जिजींच्या हातात ठेवली.

जिजी डबी घेऊन खिडकीशी गेल्या. दात बोटांच्या चिमटीत धरला, उजेडाकडे फिरवला, एकदा, दोनदा. "छान आहे की. कुणाचा?"

"तुमचा. परत आलाय."

"का?"

"राखाडी झालाय, जिजी."

जिजींनी परत बघितलं. बराच वेळ. मग दात डबीत ठेवला, झाकण लावलं. म्हणाल्या, चाळीस वर्षांत पाचवा, होतं माणसाकडून, एकाने काय होतं. आणि थोरल्याने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. इथे थांबता आलं असतं. जिजींनीच रस्ता करून दिला होता. सगळे आता जेवायला बसले असते.

"एक नाही," धाकटी म्हणाली. "सदतीस."

जिजी खुर्चीवर बसल्या. मग धाकटीने सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा, आता मोठ्या आवाजात. ते पहिल्यापेक्षा अवघड गेलं. नणंदेने कागदातली ओळ वाचली. थोरल्याने दाढांचं कबूल केलं, वहिनीने आकड्यांचं. धाकट्याने दवाखान्यांचं सांगितलं तेव्हा जिजींनी एवढंच विचारलं की म्हणजे माझ्या हाताला तोड नाही हे तुझंच वाक्य होय. तो हो म्हणाला. वाटलंच, त्या म्हणाल्या, त्या डॉक्टरला एवढं नीट बोलता येत नाही.

टॉवेलच्या टोकाने त्यांनी कानामागचं पाणी टिपलं.

"बत्तीस मावतात माणसाच्या तोंडात," त्या म्हणाल्या. "तू तर अख्खा माणूस बसवलास आणि वर पाच. मला कळू न देता."

धाकटी म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"वाटू द्यायचं होतंस मला वाईट."



जिजी सांगायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज साधाच होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. धूसर तर त्यांनाही दिसत होतं. टोमॅटो मळकट दिसायचे, सिग्नल लागलाय का सुटलाय ते कळायचं नाही. घाबरल्या होत्या. पण रोज नऊला खाली जायच्या, ट्रेमधले आपले दात बघायच्या, आणि एकही परत यायचा नाही. मग म्हणायच्या, डोळे ठीक आहेत, हे मनाचे खेळ. तिसऱ्या केमोला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नजरेत काही फरक? चौथ्या वेळीही विचारलं.

"दोन्ही वेळा नाही म्हणाले. वर त्यांना ऐकवलं, एवढ्या दिवसांत माझा एकही दात परत आला नाही. याहून मोठी तपासणी तुमच्याकडे आहे का?"

आता मात्र खोलीत कुणालाच कुणाकडे बघवेना. नणंदेलाही. तिची मघाची सगळी धार तिथेच बोथट झाली. ती उठली आणि आईच्या डोक्यावरचा सुटलेला टॉवेल नीट करत राहिली.

थोरल्याने तरी धीर करून आपलं म्हणणं मांडलंच. बंद नको करू या. दोनच राहिलेत. गाठ जाऊ दे, नजरेचं नंतर बघू.

"बघशील. मी कशाने बघू?" जिजी म्हणाल्या. मग त्याचा चेहरा न दिसताही त्यांना कळला असावा, कारण आवाज उतरला. "तुला भीती वाटते ते कळतंय रे मला. मलाही वाटते. पण ठरवायचं तर खऱ्यावर ठरवू. शेडपट्टी आणा."

धाकटा दोन-दोन पायऱ्या उतरून घेऊन आला. सोळा नमुने पट्टीतून काढले, टेबलावर पिसले. बटाटे बाजूला सरकवले. जिजींनी चार ढीग लावायला घेतले, लालसर, पिवळट, राखाडी, आणि लालसर-राखाडीच्या मधले. हे काम त्या एरवी मान वळवून गप्पा मारत करायच्या. आज एकेक दात नाकाशी नेत होत्या. शेवटी हात मांडीवर ठेवले.

"सांग. मोठ्याने. आणि यातला एक जरी खोटा सांगितलास तर उद्यापासून माझ्या स्टुलावर बसायचं नाही."

धाकटीने सुरुवात केली. बरोबर. बरोबर. मग तिसऱ्याला अडखळली.

"चूक."

शब्द तोंडातून निघायला जड गेला. पुढचा जरा हलका निघाला. चूक. बरोबर. चूक. वहिनी कुठल्यातरी क्षणी खिडकीकडे वळली. जिजी प्रत्येक शब्दाला मान डोलावत होत्या, शिष्य पाठ म्हणून दाखवतोय तशा. लालसर आणि राखाडी त्यांच्यासाठी एकच होऊन बसले होते.

"किती?"

"नऊ चुकले."

"सोळात नऊ," जिजी म्हणाल्या. "उद्या हेच सांगायचं." आणि मग विचारलं, की बटाटे कुणी उकडणार आहे की नुसतेच सोलायचे होते.

सोमवारी दवाखान्यात थोरला, नणंद आणि धाकटी, तिघंही गेली. एकच आत सोडतात, तर तिघंही घुसली. डॉक्टरीणबाईंनी वजन विचारलं, ताप विचारला, उलट्या विचारल्या. मान वर न करता कागदावर खुणा करत गेल्या. मग तो प्रश्न आला.

जिजी ताठ बसल्या. "मागच्या दोन्ही वेळा नाही म्हणाले. खोटं नव्हतं ते, पण चूक होतं. सोळा रंगांत नऊ ओळखता आले नाहीत. लालसर मला दिसत नाही. सात आठवडे झाले. लिहून घ्या."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी टेबलावरच्या बाटलीचं लाल झाकण उचललं, जिजींचा उजवा डोळा झाकायला सांगितला आणि झाकण समोर धरलं. कसं दिसतं? विटकरी, जिजी म्हणाल्या. मग डावा झाकला. जिजी थांबल्या. "तुम्ही अजून धरलंय का ते?"

बाहेर नर्सने औषधाची पिशवी तयार करून आणली होती. बाईंनी दारातूनच तिला परत पाठवलं.

मग त्या खुर्ची ओढून जिजींच्या समोर आल्या. म्हणाल्या, हे फार क्वचित होतं, त्यांच्या हाताखाली ही दुसरीच केस. औषध आजपासून बंद. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आत्ताच, याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. गाठीसाठी पुढच्या आठवड्यापासून दुसरं औषध. ते हळू चालतं, याच्याइतका भरवसा आज देता येणार नाही, पण चार डोसांनी केलेलं काम वाया जात नाही. आणि नजर? काहींची थोडीफार परत येते, काहींची आहे तिथेच थांबते.

"मी वचन देणार नाही," बाई म्हणाल्या.

"नका देऊ. गोड वचनांचा माझ्या घरी पुष्कळ साठा झालाय."

थोरल्याने विचारलं, उरलेले दोन घेतले असते तर. बाई म्हणाल्या, तर नजर कदाचित आहे तिथे थांबलीही नसती. तो जमिनीकडे बघत राहिला. जिजींनी चाचपत त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर दोनदा थापटलं.

दुसऱ्या मजल्यावर सगळं व्हायला चार वाजले. डोळ्यांत थेंब, दिवे, ठिपके, पुन्हा थेंब. नणंद तिथूनच आपल्या बसला गेली, जाताना धाकटीचा दंड दाबून गेली, बोलली काही नाही. थोरला रिपोर्टांसाठी मागे थांबला. जिजी आणि धाकटी बसमध्ये बसल्या. थेंबांमुळे जिजींना आता सगळंच दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. त्यांनी धाकटीचा कोपर धरला होता. घट्ट, पण हुकमाने, आधारासाठी नाही.

धाकटीच्या मनात किती काय चाललं होतं. दुसरं औषध लागू नाही पडलं तर. सात आठवडे आधी बोलले असते तर. सगळं तोंडापर्यंत आलं, आणि ती म्हणाली, "जिजी, माझं चुकलं."

"हो," जिजी म्हणाल्या.

समोरच्या सीटवर एक माणूस फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता हसला. मोठ्याने, तोंडभर. जिजींची मान आवाजाकडे वळली.

"हसला ना? कुठली शेड?"

धाकटीने बघितलं. तोंडावर आलं होतं, छान आहे म्हणून. ते तिने गिळलं. जरा पुढे वाकली. "पिवळ्यातला तिसरा. वरचा डावा खोटा आहे. आपला नाही. रंग बरा, पण कडेला हिरडी काळी पडलीय."

"धातू वापरलाय आतून. कंजूष." जिजींनी समाधानाने मान हलवली. त्या माणसाने फोन खाली केला आणि तोंड मिटून घेतलं. "खरं सांगतेयस ना?"

"खरं."

"मग त्याच्या शेजारचा?"

"तो हसत नाहीये."

"मग हसव," जिजी म्हणाल्या. "मी थांबते."